मागच्या चाकांना डिस्क. पण आधी पुढचा विचार

आजवर मी आपल्याशी बियाणे, खत, कीड आणि पाणी यांविषयी बोलत आलो. आजचा विषय जरा निराळा आहे. तो आहे दारात उभ्या असलेल्या जुन्या जीपच्या ब्रेकचा. मी बी.एस्सी. झालो तो शेतीचा, मोटारीचा नव्हे. पण खात्याच्या जुन्या जीपमधून वाड्यावस्त्या हिंडण्यात नोकरीची बरीच वर्षे गेली. आणि यंदा घरातच असा प्रसंग घडला, की तो आपल्यापुढे मांडणे मला माझे कर्तव्य वाटले.

माझी धाकटी बहीण पाटण तालुक्यात दिली आहे. तिच्या मुलाने जुनी जीप घेतली. घरची भाजी घेऊन तो कुंभार्ली घाटाने खाली चिपळूणच्या बाजाराला जातो. गेल्या पावसाळ्यात एका सकाळी गाडीत मागे भाजीच्या पाट्या होत्या आणि शेजारी त्याची आई बसली होती. घाट निम्मा उतरून झाला आणि ब्रेकचे पेडल एकदम खाली गेले. पायाखाली काही लागेचना. पोरगा सावध होता. त्याने गिअर खाली आणला आणि डोंगराच्या बाजूच्या गटारात चाक घालून गाडी थांबवली. दोघांना खरचटलेही नाही. अर्धा तास दोघे तिथेच पावसात उभे राहिले. मग पाहतात तो ब्रेक पुन्हा पहिल्यासारखा लागू लागला!

ही शेवटची गोष्ट आपण लक्षात ठेवा. तिच्यातच सगळे उत्तर होते. पण तेव्हा ते कोणाच्याच ध्यानात आले नाही.

महिन्याभराने भाच्याचा फोन आला. "मामा, ड्रमची कटकटच काढून टाकली. भंगारातनं नव्या गाडीचा मागच्या डिस्कचा सेट मिळाला. मागच्या दोन्ही चाकांना डिस्क टाकल्या. आता बघाच या, गाडी कशी थांबतीया ती!"

मी रविवारी गेलो. बहिणीने चहा पुढे ठेवला आणि एवढेच म्हणाली, "दादा, गाडी पळती किती ते मला नको सांगू. थांबती का, ते बघ."

ड्रम म्हणजे काय, डिस्क म्हणजे काय

पुढचे समजण्यासाठी आधी थोडी माहिती हवी. ब्रेक गाडीचा वेग खातो आणि त्याची उष्णता करतो. हाताचे तळवे एकमेकांवर जोरात घासले की गरम होतात, तसेच हे आहे. वेग दुप्पट झाला की ही उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. कोरडा डांबरी रस्ता, चांगले टायर आणि चांगला ब्रेक असताना ताशी ४० किलोमीटरवरची गाडी ब्रेक लागल्यापासून साधारण १० मीटरमध्ये थांबत असेल, तर ८० वर तिला ४० मीटर लागतात. शिवाय डोळ्याने पाहून पाय पेडलवर जाईपर्यंत जो एक सेकंद जातो, त्यात ४० च्या वेगाने ११ मीटर आणि ८० च्या वेगाने २२ मीटर अंतर कापले जाते, ते वेगळेच.

जुन्या जीपला चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात. चाकाबरोबर लोखंडी डबा फिरतो आणि आतले दोन बूट बाहेरच्या बाजूला फाकून त्या डब्याला घासतात. याचा एक गुण असा, की फिरणारा ड्रम पुढच्या बुटाला आपल्याबरोबर ओढतो आणि आणखी घट्ट दाबतो. म्हणून पायाच्या थोड्या जोराने काम भागते. अवगुण असा, की डबा बंद असल्याने उष्णता आत कोंडते. तापला की ड्रम फुगून बुटांपासून दूर जातो. ओढ्यातून गाडी काढली, की पाणी आणि गाळ आत बसतो.

डिस्क म्हणजे उघडी चकती. तिला दोन्ही बाजूंनी पॅड चिमट्यासारखे धरतात. हा चिमटा म्हणजे कॅलिपर. चकती उघडी असल्यामुळे लवकर निवते आणि पाणी झटकून टाकते. ही कल्पना नवी नाही. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ सालीच तिचे पेटंट घेतले होते. १९५३ साली फ्रान्समधील ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जग्वार गाडीने डिस्क ब्रेकच्या जोरावर जिंकली आणि मग ती जगभर पसरली. पण डिस्कमध्ये ड्रमसारखी आपोआप ओढ नसते. तिला दाबायला जास्त जोर लागतो. म्हणून नव्या गाडीत पेडलच्या पुढे इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालणारा बूस्टर असतो. डिझेल इंजिनात हे व्हॅक्यूम आपोआप पुरेसे तयार होत नाही, त्याला वेगळा पंप लागतो. पुष्कळ जुन्या डिझेल जीपला तो नसतोच.

तेव्हा डिस्क चांगली, यात वाद नाही. वाद आहे तो ती कुठे बसवायची आणि कशाच्या जोडीला बसवायची, याचा.

ब्रेक मारला की वजन पुढे येते

ज्यांनी बैलगाडी हाकली आहे त्यांना हे सांगायला नको. चढाला माल मागे सरकला की गाडी उलाळ होते, जू मानेवरून वर उठते. उतरणीला उलटे होते. सगळा भार पुढे येतो आणि बैलांच्या मानेवर जू जड होते. मोटारीत ब्रेक मारला की सपाट रस्त्यावरही हेच घडते.

हिशेब करून पाहू. जीपच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत सुमारे दोन मीटर अंतर असते. समजा गाडी हजार किलोची आहे, उभी असताना पाचशे किलो पुढे आणि पाचशे मागे आहेत, आणि तिचा भारकेंद्र जमिनीपासून ६५ सेंटिमीटर उंच आहे. जोरात ब्रेक मारला, की पुढच्या चाकांवर सुमारे सातशे किलो येतात आणि मागे तीनशेच राहतात. घाटाच्या उतारावर मागचा भार आणखी घटतो.

टायर रस्त्याला धरतो तो वजनामुळे. मागचे वजन कमी झाले, की मागचे चाक थोड्या जोरातच अडकते आणि घसरू लागते. पुढची चाके आधी अडकली तर गाडी वळत नाही, पण सरळ जाते. मागची आधी अडकली तर गाडीचे ढुंगण फिरते आणि ओल्या रस्त्यावर ती गर्रकन उलटी होते. घाटात असे झाले तर पुढचे मी लिहीत नाही.

म्हणून गाडी बनवणाऱ्यांनी मागचा ब्रेक मुद्दाम कमी जोराचा ठेवलेला असतो. जुन्या विलीज जीपमध्ये पुढच्या चाकांचे ब्रेक सिलिंडर एक इंची आणि मागचे पाऊण इंची आहेत. क्षेत्रफळाच्या हिशेबाने पुढे सोळा आणे जोर, तर मागे नऊ आणे. ही काही काटकसर नव्हे, हा विचार आहे.

आता कोणी विचारील, मग नव्या गाड्यांना मागेही डिस्क कशी असते? त्या गाड्यांत पुढच्या डिस्क त्याहून मोठ्या असतात. शिवाय ए.बी.एस. नावाची यंत्रणा प्रत्येक चाकाच्या गतीवर नजर ठेवते आणि अडकू लागलेल्या चाकाचा दाब क्षणात सोडते. आपल्या देशात एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींना ती सक्तीची आहे. भाच्याने नव्या गाडीची डिस्क आणली. पण तिला आवर घालणारी यंत्रणा त्या गाडीतच राहिली.

माळावरची परीक्षा

चहा झाल्यावर आम्ही जीप काढली. पेडल दाबले तर ते स्पंजासारखे मऊ लागले आणि दोनतीनदा दाबल्यावरच घट्ट झाले. भाचा म्हणाला, "मिस्त्री म्हणला, चालवून चालवून बसंल."

गावाबाहेर माळावर सरळ मोकळा रस्ता आहे. नुकतीच सर पडून गेली होती. गाडी रिकामी होती. माणूस-जनावर नाही असे पाहून भाच्याने गाडी तीस-पस्तीसवर नेली आणि जोरात ब्रेक मारला. पुढची चाके फिरतच राहिली, मागची दोन्ही जागच्या जागी अडकली. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच गाडी फिरली. थांबली तेव्हा तिचे तोंड आम्ही आलो त्या गावाकडे होते! शेजारी खोल ताल नव्हती म्हणून निभावले. भाचा पांढराफटक पडला होता. खरे सांगायचे तर मीही.

परत येताना तो एक शब्द बोलला नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही अगदी हळू हळू, पहिल्या-दुसऱ्या गिअरवर, तालुक्याच्या गावातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेलो. पन्नास वर्षे जीपच्या पोटाखाली काढलेला माणूस. त्याने पाना उचलण्याआधी प्रश्न विचारला, "घाटात पेडल गेलं, ते परत कधी आलं?"

"अर्ध्या तासानं," भाचा म्हणाला.

"ब्रेक ऑईल कधी बदललं होतं?"

भाच्याने माझ्याकडे पाहिले. गाडी घेतल्यापासून बदललेच नव्हते. आधीच्या मालकाने कधी बदलले, देव जाणे.

मिस्त्रीने पुढच्या चाकाचा निपल ढिला करून थोडे तेल बाटलीत घेतले. काळेकुट्ट, काकवीसारखे. "पोरा, तुझा ड्रम वाईट नव्हता. तुझं तेल उकळलं होतं," तो म्हणाला.

तेल उकळते म्हणजे काय

ब्रेक ऑईल हे आपल्या नेहमीच्या तेलासारखे नसते. ते हवेतले पाणी शोषून घेते. पावसाळी मुलखात तर जास्तच. डॉट ३ जातीचे नवे कोरडे तेल निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पण पाणी मुरल्यावर हीच मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकते. डॉट ४ मध्ये हे आकडे २३० आणि १५५ असे आहेत. घाटात सतत ब्रेकवर पाय ठेवला की ड्रम तापतो, उष्णता सिलिंडरपर्यंत जाते, तेलाची वाफ होते. तेल दाबले जात नाही, पण वाफ दाबली जाते. म्हणून पेडल रिकामे खाली जाते. गाडी निवली की वाफेचे पुन्हा पाणी-तेल होते आणि ब्रेक परत लागतो.

म्हणजे रोग होता तेलाचा आणि घाट उतरण्याच्या सवयीचा. औषध दिले मागच्या ड्रमला. पिकाचे पान पिवळे दिसले की लगेच युरिया टाकणाऱ्याला मी नेहमी म्हणतो, आधी मुळाशी पाणी साचले आहे का ते पाहा. इथेही तेच झाले.

मिस्त्रीने आणखी दोन चुका दाखवल्या. पहिली अशी, की आधीच्या कारागिराने उजवा कॅलिपर डावीकडे आणि डावा उजवीकडे बसवला होता. त्यामुळे हवा काढायचा निपल वर न राहता खाली आला होता. हवा नेहमी वर जमते, म्हणून कितीही पंप मारला तरी आतली हवा निघाली नव्हती. पेडल मऊ होते ते त्यामुळे. दुसरी चूक तेलाच्या मापाची होती. पाऊण इंची सिलिंडरच्या जागी आता दीड इंची पिस्टन आला होता. रुंदी दुप्पट झाली की क्षेत्रफळ चौपट होते. मास्टर सिलिंडर मात्र जुनाच होता. लहान पंपाने मोठा हौद भरायला निघाल्यासारखे ते झाले. आणि त्याच मोठ्या पिस्टनमुळे पेडल एकदा घट्ट झाले की मागची चाके पुढच्यांच्या आधी अडकत होती.

जुन्या जीपला आधी काय करावे

मिस्त्रीने जो क्रम सांगितला तो मला इतका पटला, की तोच मी आपल्यापुढे ठेवतो. खर्चाच्या दृष्टीनेही तो शेतकऱ्याला परवडणारा आहे, कारण स्वस्त काम आधी आणि महाग काम शेवटी येते.

पहिले, तेल बदला. दर दोन वर्षांनी, पावसाळ्याआधी. सगळे जुने तेल काढून बंद डब्यातले नवे भरा. उघडा राहिलेला डबा वापरू नका. गाडीवर डॉट ३ लिहिले असेल तर ३ किंवा ४ चालते. डॉट ५ हे सिलिकॉनचे, ते यात मिसळू नये. आणि इंजिन ऑईल किंवा हायड्रॉलिकचे तेल तर थेंबभरही घालू नका. त्याने आतली रबरे फुगतात आणि ब्रेक निकामी होतात. जुन्या जीपमध्ये मास्टर सिलिंडर पायाखालच्या पत्र्याखाली असतो. नजरेआड असल्यामुळे त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. पत्रा काढून महिन्यातून एकदा तेलाची पातळी पाहा.

दुसरे, ड्रम उघडून पाहा. बुटाचे लायनिंग झिजले आहे का, ड्रमला चरे पडले आहेत का, सिलिंडर पाझरतो का ते बघा. मागच्या एक्सलचे सील गळत असेल तर गिअरचे तेल लायनिंगमध्ये मुरते. असे लायनिंग रॉकेलने धुऊन पुन्हा लावणे हा फुकटचा धोका आहे. सील बदला आणि दोन्ही बाजूंची लायनिंग नवी घाला. ड्रमच्या आतली काळी भुकटी तोंडाने किंवा हवेने उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो आणि तो फुप्फुसाचा वैरी आहे. ओल्या फडक्याने पुसून घ्या, आणि हे काम चालू असताना मुलांना जवळ येऊ देऊ नका.

तिसरे, रबरी नळ्या बदला. बाहेरून धड दिसणारी जुनी नळी आतून सुजलेली असते.

चौथे, दुहेरी मास्टर सिलिंडर. पुष्कळ जुन्या जीपमध्ये चारही चाकांना एकच तेलाची वाट असते. एक नळी फुटली की चारही ब्रेक गेले. दुहेरी सिलिंडरमध्ये पुढची आणि मागची वाट वेगळी असते. एक गेली तरी दुसरी अर्धा आधार देते. माझ्या मते घाटात फिरणाऱ्या जुन्या जीपला डिस्कपेक्षा याची गरज आधी आहे.

पाचवे, डिस्क बसवायची तर आधी पुढच्या चाकांना. जिथे वजन येते तिथे ताकद द्यावी. पुढे डिस्क आणि मागे ड्रम ही जोडी असंख्य गाड्यांत वर्षानुवर्षे नीट चालली आहे. मागे डिस्क आणि पुढे ड्रम ही मात्र उलटी जोडी आहे.

मागे डिस्क बसवायचीच असेल तर

ज्यांचे पुढचे काम झाले आहे, त्यांनी मागच्या डिस्कचा विचार खुशाल करावा. चिखलात आणि ओढ्यातून रोज जाणाऱ्याला तिचा फायदा आहे. पण पुढील गोष्टी तपासल्याशिवाय एकही बोल्ट सैल करू नये.

चाकाचे बोल्ट जुळले पाहिजेत. विलीज घराण्याच्या जीपला पाच बोल्ट असतात आणि ते साडेपाच इंची, म्हणजे १३९.७ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर असतात. पाच बोल्टच्या चाकाचे हे माप काढायची सोपी युक्ती आहे. शेजारच्या दोन बोल्टच्या मध्यांतले अंतर मोजा आणि १.७ ने गुणा. जीपच्या चाकात हे अंतर ८२ मिलिमीटर भरते. भोके ठोकून, घासून मोठी करून जुळवलेली चकती कधीही वापरू नका.

रिम फिरवून पाहा. कॅलिपर आतून कुठे घासता कामा नये.

कॅलिपर धरणारी पट्टी जाड पोलादाची, नीट मापाने कापलेली आणि एक्सलच्या मूळ बोल्टवर बसणारी हवी. सगळा जोर तिच्यावर येतो. शेताच्या अवजारासाठी ठेवलेला पट्टीचा तुकडा वेल्डिंग करून लावणे म्हणजे घरच्यांच्या जिवाशी खेळ आहे.

भंगारातली चकती घेतली तर तिच्यावर कमीत कमी जाडीचा आकडा कोरलेला असतो, तो वाचा आणि मोजा. तडा असेल तर परत करा. पॅड आणि कॅलिपरची रबरे नवीच घाला. रबरी नळी चाक वरखाली होताना ताणली जात नाही ना, तेही पाहा.

ड्रमसाठी बनवलेल्या पुष्कळ जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये एक झडप असते. ती नळीत थोडा दाब, सुमारे १० पौंड, कायम धरून ठेवते. डिस्कला तेवढा दाब राहिला तर पॅड सतत घासत राहतात, चकती तापते आणि डिझेलही जास्त जाते. डिस्कच्या वाटेवरची ही झडप काढावी लागते. मात्र मास्टर सिलिंडर पायाखाली, म्हणजे कॅलिपरहून खाली असेल, तर तेल मागे ओघळू नये म्हणून दोन पौंडांची छोटी झडप घालतात.

मागच्या वाटेवर दाब कमी करणारा, फिरवून लावता येणारा व्हॉल्व्ह घाला. ए.बी.एस. नसलेल्या गाडीत मागच्या डिस्कला आवर घालायला हा उपाय आहे.

शेवटी हँडब्रेक. अनेक जुन्या जीपमध्ये तो मागच्या चाकांना नसून गिअरपेटीच्या मागे, प्रॉपेलर शाफ्टवर असतो. तसा असेल तर तो राहतोच. पण ज्या गाडीचा हँडब्रेक मागच्या ड्रमलाच आहे, तिच्यात ड्रम काढला की हँडब्रेकही गेला. अशा वेळी हँडब्रेकची सोय असलेलाच कॅलिपर घ्यावा. उतारावर दगड लावून गाडी उभी करायची वेळ आणू नये.

काम झाल्यावर परीक्षा

गाडी उभी ठेवून पेडल जोरात दाबा आणि मिनिटभर धरा. ते हळूहळू खाली गेले तर कुठेतरी गळती आहे. मागचा लाल दिवा लागतो का पाहा. मग मोकळ्या, सपाट, कोरड्या जागी ताशी वीसच्या वेगाने ब्रेक मारा. एक माणूस बाजूला, रस्त्यापासून लांब उभा राहून कोणती चाके आधी अडकतात ते पाहील. पुढची आधी अडकली पाहिजेत. मागची अडकली तर व्हॉल्व्ह फिरवून मागचा दाब आणखी कमी करा. रिकाम्या गाडीने पाहा, कारण रिकामी जीपच आधी फिरते. मग हळूहळू वेग वाढवा. या परीक्षेला गाडीत चालवणाऱ्याशिवाय कोणी बसू नये. गाडी एका बाजूला ओढत असेल तर घाटात जाऊच नका.

आणखी एक. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे नोंदणीतला तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही, असा बदल गाडीत करता येत नाही. म्हणून काम करण्याआधी आपल्या आर.टी.ओ. कचेरीत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते, तेव्हा तपासणी होतेच. त्या वेळी अडण्यापेक्षा आधी विचारलेले बरे.

घाट उतरण्याची रीत

कोणताही ब्रेक घाटात एकटा पुरा पडत नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा. अर्धे ओझे इंजिनला वाहू द्या. पेडलवर पाय ठेवून बसू नका. वेग वाढला की नीट दाबा, कमी झाला की पूर्ण सोडा, म्हणजे ब्रेकला निवायला वेळ मिळतो. इंजिन बंद करून, गिअर काढून उतरणे ही तर आत्महत्याच. त्यात वाचलेल्या डिझेलची किंमत एका चहाएवढी. ओढ्यातून आल्यावर हलके हलके दोनचारदा ब्रेक दाबून ते वाळवून घ्या.

आणि हेही ध्यानात असू द्या, की गाडी शेवटी टायर थांबवतो. गोटा झालेल्या टायरला चार सोन्याच्या डिस्क लावल्या तरी ओल्या रस्त्यावर तो घसरणारच.

भाच्याने काय केले? मागच्या डिस्क काढल्या. तिथे मूळचे ड्रम, नवे सील, नवी लायनिंग. दुहेरी मास्टर सिलिंडर बसवला, सगळ्या नळ्या आणि तेल नवे. भाजीचे पैसे आले तेव्हा उन्हाळ्यात पुढच्या चाकांना डिस्क बसल्या, त्याही बूस्टर आणि व्हॅक्यूम पंपासह. काढलेल्या मागच्या चकत्या गोठ्यातल्या खुंटीला टांगल्या आहेत. मी विचारले, "यांचं काय करणार?" म्हणाला, "मामा, असू द्यात. घाई केली की काय होतं ते रोज दिसतंय."

यंदा पहिला पाऊस झाल्यावर आम्ही तिघे कुंभार्ली उतरलो. बहीण पुढे बसली होती. सुरुवातीला तिने समोरची दांडी मुठीत घट्ट धरली होती. गेल्या वर्षी जिथे चाक गटारात घातले ते वळण आले. भाच्याने दुसरा गिअर टाकला, एकदा ब्रेक दाबला, सोडला. गाडी ऐटीत नव्हे, पण गरीब गाईसारखी वळणातून निघाली. खाली पोफळी दिसू लागली तेव्हा बहिणीने दांडी सोडली आणि पदराच्या गाठीची सुपारी काढून आम्हा दोघांना दिली.

बंधूंनो, गाडीला नवा भाग बसवताना दुकानदाराला भाव जरूर विचारा. पण त्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा, की मूळ रोग कोणता? आणि हा लेख वाचून झाला की आज संध्याकाळी दारातल्या जीपचा पायाखालचा पत्रा उचलून ब्रेक ऑईलचा रंग तेवढा पाहा. काळा दिसला, तर उद्याचा बाजार चुकला तरी चालेल. तेल बदलल्याशिवाय घाटाला लागू नका.